ठिणगीचा डबा

गेल्या पावसाळ्याच्या आधीची गोष्ट. मी आणि बाबा येझदीवरून साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी घाट अर्धा चढलो आणि गाडीने मान टाकली. वीस किका मारल्या, काही नाही. बाबा शांतपणे कठड्यावर जाऊन बसले. "कंडेन्सर तापलाय. अर्धा तास गप्प बस." अर्ध्या तासाने गाडी पहिल्या किकला सुरू!

ही येझदी १९७६ची. माझ्यापेक्षा वयाने मोठी, त्यामुळे घरात तिला मान जास्त. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, तरी ती आपली चालतेच आहे. पण हल्ली मिळणारे कंडेन्सर काही खरे नाहीत. नवीन आणलेला तीन महिन्यांत बसला. पॉइंटचीही तीच कथा. शेवटी मी ठरवलं, की आपणच इलेक्ट्रॉनिक इग्निशन बनवायचं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे मावशी, तुझ्यासाठी!) थोडक्यात सांगतो. बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून वाहतो. क्रँकबरोबर फिरणारा कॅम ऐन वेळी पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो आणि त्या झटक्यासरशी कॉइलच्या दुसऱ्या वेढ्यात काही हजार व्होल्ट तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९१०च्या कॅडिलॅक गाडीसाठी बसवलेली ही पद्धत. टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी, म्हणजे ३००० फेऱ्यांना सेकंदाला ५०. दर वेळी तीन-साडेतीन अँपिअर तोडायचे, मग पॉइंट जळणार नाहीत तर काय होणार?

माझी कल्पना अशी, की पॉइंट राहू द्यायचे, पण त्यांनी फक्त इशारा करायचा. जड काम ट्रान्झिस्टरने करायचं. इंटरनेटवरून कारसाठीचं एक सर्किट घेतलं, डार्लिंग्टन ट्रान्झिस्टर आणला, जोडलं. ठिणगी पडली, पण मरतुकडी! दोन रविवार डोकं खाजवल्यावर उजेड पडला. डार्लिंग्टन स्वतःच दीडएक व्होल्ट खातो. कारच्या १२ व्होल्टमध्ये ते खपून जातं, आमच्या येझदीचे मुळात ६, त्यातले पाव गेले तर कॉइलला उरणार काय? मग साधा, पण ४०० व्होल्ट सोसणारा पॉवर ट्रान्झिस्टर घेतला आणि त्याच्या बेसला भरपूर प्रवाह दिला. आता अर्धा व्होल्टही वाया जात नाही आणि पॉइंटमधून जेमतेम पाव अँपिअर जातो. पाऊस लागू नये म्हणून सगळं सर्किट डबीत घालून वर अरल्डाइट ओतलं. डायनॅमोच्या झाकणापासून सीटखालपर्यंत वायरी नेल्या. गाडी अशी चालू लागली की विचारू नका.

बाबांना दाखवायला नेलं. त्यांनी डबी उलटसुलट करून पाहिली. "आत काय आहे?" मी उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. आणि घाटात हे बंद पडलं, आणि तू बरोबर नसलास, तर?"

मंडळी, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, मूळ स्क्रूसुद्धा बदलायचा नाही. त्यांच्या गाड्या सुंदर असतात, पण अंगणात. दुसरा म्हणतो, चालणं महत्त्वाचं, हवं ते बदला. मी दुसऱ्या पंथाचा आणि आजही आहे. पण बाबांच्या प्रश्नाने मला माझी चूक दाखवली. नवा भाग बसवला हा माझा गुन्हा नव्हता. मी गाडीतली एक जागा अशी करून ठेवली, की तिथे माझ्याशिवाय कुणाचाच हात पोहोचू नये, हा गुन्हा होता. जुनी व्यवस्था कटकटीची खरी, पण रस्त्याकडेच्या कुठल्याही मेस्त्रीला ती कळायची. झाकण उघडलं की दुखणं डोळ्यांना दिसायचं. बाबा तर फीलर गेजने ०.४ मिलिमीटरचा गॅप लावायचे, आणि पॉइंट नेमका कधी उघडतो हे पाहायला सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद मध्ये धरायचे. जन्मात कधी सिगारेट न ओढलेल्या माणसाकडे ती पाकिटं असायची, ती यासाठी!

तेव्हा माझं मत आता असं आहे. घरी जरूर बनवा, पण परत फिरता येईल असं बनवा. मी डबा नव्याने केला. अरल्डाइट नाही, चार स्क्रूंचं झाकण आणि रबरी पट्टी. जुना कंडेन्सर जागेवरच आहे. दोन पिना बदलल्या की गाडी पुन्हा १९७६मध्ये. झाकणाच्या आतल्या बाजूला सर्किटची आकृती चिकटवली आहे, वायरींचे रंग मराठीत लिहून. आमच्यानंतर गाडी ज्याच्याकडे जाईल त्याला मला शोधत यावं लागू नये.

हे सगळं बाबांना पटलं. पण एक गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती. दर महिन्यातला एक रविवार त्यांचा पॉइंट साफ करण्याचा असायचा. हात थोडे कापतात, चष्मा कपाळावर जातो, पण ते काम त्यांचंच. परवा त्यांनी नेहमीप्रमाणे झाकण उघडलं, बॅटरी मारून पाहिलं. पॉइंट लख्ख, गॅप जिथल्या तिथे.

"काहीच करायचं नाहीये," ते म्हणाले.

मला वाटलं होतं ते खूश होतील. थोडा वेळ ते तसेच बसून राहिले. मग फडकं घेऊन टाकी पुसायला लागले.