ठेका मोजून द्या

पार्किन्सनचा रुग्ण खोलीत चार पावले बरी टाकतो आणि दाराच्या चौकटीपाशी येऊन अडतो. धड पुढे झुकलेले, गुडघे थरथरताहेत, तळवे मात्र जमिनीला चिकटल्यासारखे. घरची माणसे ‘चला, चला’ म्हणत हात धरून ओढतात आणि पाय आणखीच घट्ट होतात. तेवढ्यात कुणी शेजारी उभे राहून ठाम आवाजात ‘एक-दोन, एक-दोन’ असा ठेका धरला, तर पुष्कळदा तोच पाय उचलला जातो. आपल्यापैकी बहुतेकांनी हे ओपीडीत पाहिले आहे. तरीही आपल्या उपचारात ताल अजून ‘जमलं तर गाणं लावू’ एवढ्यावरच आहे. आमचे म्हणणे असे, की ताल हा चालण्यावरचा उपचार आहे. औषधाचे प्रमाण जसे रुग्णागणिक ठरवतात, तसे तालाचेही ठरवले पाहिजे.

यामागची कारणमीमांसा आपल्याला परिचित आहे. सवयीची हालचाल आतून, आपल्या गतीने चालू ठेवण्याचे काम बेसल गँग्लिया आणि सप्लिमेंटरी मोटर एरिया यांच्या जाळ्याकडे असते, आणि पार्किन्सनमध्ये हेच जाळे ढिले पडते. बाहेरून नियमित ठोका मिळाला, की पुढचे पाऊल कधी टाकायचे हे आतून ठरवण्याचे ओझे कमी होते. ग्रान आणि ब्रेट यांनी 2007 साली दाखवून दिले, की माणूस स्वस्थ पडून नुसता ताल ऐकत असला, तरी मेंदूतील हालचालीची केंद्रे जागी होतात. कान आणि पाय यांचे नाते असे जुने आणि पक्के आहे.

पुरावाही नवा नाही. मायकेल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली पार्किन्सनच्या रुग्णांना तीन आठवडे रोज घरी तालावर चालवले. चालण्याचा वेग सुमारे 25 टक्क्यांनी वाढला आणि ढांग सुमारे 12 टक्क्यांनी लांबली. म्हणजे रुग्ण केवळ भराभर पावले टाकू लागले नाहीत, त्यांचे पाऊलही मोठे झाले. पक्षाघातानंतरच्या रुग्णांवर 2007 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 78 जण होते. तीन आठवड्यांच्या सरावात तालावरच्या गटाने वेग, ढांग आणि दोन्ही पायांचा समतोल यांत बोबाथ पद्धतीच्या गटाला मागे टाकले.

त्याच वर्षीची युरोपातील ‘रेस्क्यू’ चाचणी आपण अधिक लक्ष देऊन वाचायला हवी. 153 पार्किन्सन रुग्णांना घरी जाऊन तीन आठवडे सराव दिला गेला. सुधारणा झाली, पण ती माफक होती. सराव थांबल्यावर सहा आठवड्यांनी तिचा बराचसा भाग ओसरला. यावरून ताल निरुपयोगी ठरत नाही. तीन आठवड्यांचा कोर्स करून रुग्णाला निरोप देण्याची आपली पद्धत मात्र अपुरी ठरते.

मग करायचे काय? सुरुवात मोजण्यापासून. मोकळ्या जागेत चौदा मीटरची सरळ रेघ घ्या आणि दोन्ही टोकांचे दोन-दोन मीटर सोडून मधल्या दहा मीटरमधली पावले व सेकंद मोजा. समजा, 12 सेकंदांत 20 पावले पडली. म्हणजे मिनिटाला 100 पावले आणि एका पावलाची लांबी अर्धा मीटर. हा त्या रुग्णाचा स्वतःचा ठेका. पहिले काही दिवस मेट्रोनोम 100 वरच ठेवा. पाय आवाजावर नेमका पडू लागला, की 105 करा आणि पुन्हा पावलाची लांबी मोजा. ठेका वाढवल्यावर पाऊल आखूड होत असेल, तर ताबडतोब मागे या. ज्यांचे पाय वारंवार अडतात, त्यांच्या बाबतीत ही सावधगिरी फार महत्त्वाची आहे. विलेम्स आणि सहकाऱ्यांच्या 2006 च्या अभ्यासात ठेका दहा टक्क्यांनी वाढवल्यावर अशा रुग्णांची ढांग घटली होती, तर पाय न अडणाऱ्यांची वाढली होती. एकच ध्वनिमुद्रण सगळ्या रुग्णांना वाटणे म्हणूनच चुकीचे आहे. मोजणी औषधाच्या कोणत्या वेळेला केली, ‘ऑन’ की ‘ऑफ’, हेही केस पेपरवर यायला हवे. नाहीतर दोन भेटींतले आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

संगीत निवडताना आपल्याला लांब जावे लागत नाही. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर टाळ-मृदंगावर पावले टाकत जाणाऱ्या दिंड्यांचा हा प्रदेश आहे. साठी-सत्तरीच्या कितीतरी रुग्णांच्या कानात भजनी ठेका लहानपणापासून बसलेला असतो. इलेक्ट्रॉनिक तबला किंवा त्याचे मोबाइल अ‍ॅप सहज मिळते आणि त्यावर मिनिटाला किती मात्रा हे नेमके लावता येते. मात्रेला एक पाऊल धरले, तर आठ मात्रांच्या केरव्यात पहिली आणि पाचवी मात्रा, म्हणजे सम आणि खाली, एकाच पायावर येतात. पक्षाघाताच्या रुग्णाला दुबळा पाय समेवर ठेवायला सांगायचे असेल, तर हा ताल सोयीचा. सहा मात्रांच्या दादऱ्यात सम एका पायावर आणि खाली दुसऱ्या पायावर पडते. ज्याला अजून डावे-उजवे सांभाळणेच कठीण जाते, त्याचा यात गोंधळ उडू शकतो. दादरा नंतर आणा.

आणखी एक गोष्ट. आपली भजने, आरत्या पुढे पुढे लय वाढवत जातात. ऐकणाऱ्याला ती चढती लय रंगवते. पण ज्याची पावले आपोआप आखूड आणि वेगवान होत जातात, त्या रुग्णाला ती तोंडघशी पाडू शकते. गाणे देण्याआधी ते शेवटपर्यंत ऐका आणि सुरुवातीची, मधली व शेवटची लय मोजा. लय स्थिर नसेल, तर ते गाणे चालण्याच्या सरावासाठी वापरू नका, ऐकण्यासाठी खुशाल राहू द्या.

सराव सरळ पट्टीवर संपू नये. रुग्ण पडतो तो वळताना, दारात, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी. त्याच जागी, त्याच ठेक्यावर, घरच्यांना शेजारी उभे करून सराव घ्या. पुढे आवाज हळूहळू कमी करा आणि रुग्णाला मनात किंवा ओठांवर ठेका धरायला शिकवा, कारण फोन हाताशी नसतानाही पाय अडतात. कानात इअरफोन घालून रस्त्यावर चालू नये, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. रुग्णाला कमी ऐकू येत असेल, किंवा ठेक्याकडे लक्ष देताना तो तोलच विसरत असेल, तर ताल बाजूला ठेवा. जमिनीवर आडव्या पट्ट्या मारून त्या ओलांडायला लावण्याचा मार्ग खुला आहेच.

यात महागडे यंत्र लागत नाही. घड्याळ, मोजपट्टी, एक फोन आणि मोजण्याची शिस्त एवढे पुरते. पुढच्या रुग्णापासून केस पेपरवर रक्तदाबाच्या शेजारी तीन आकडे लिहायला सुरुवात करा: मिनिटाला पावले, पावलाची लांबी आणि दिलेला ठेका. तीन आठवड्यांनी ते पुन्हा लिहा, तीन महिन्यांनी पुन्हा लिहा. सुधारणा टिकली असेल तर आम्हाला कळवा, ओसरली असेल तर आवर्जून कळवा. मराठी रुग्णांच्या, मराठी तालांवरच्या अशा नोंदी या मासिकातून नियमितपणे छापण्याची आमची तयारी आहे. त्या जमवणे मात्र तुमच्या हातात आहे.