टाळ्या न वाजवणारे प्रेक्षक

मराठी नाट्यस्पर्धेचे दिवस जवळ आले, की आपल्या घराघरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. तालमीला जाऊन मुलीला मिळणार काय? परीक्षा तोंडावर आली आहे, ट्यूशन बुडते आहे, आणि मराठी नाटकाने आजवर कोणाचे पोट भरले आहे? असा प्रश्न विचारणारे आईवडील वाईट नसतात. ते कष्टाने वर आलेले असतात. उसाच्या शेतात राबलेल्या आजा-पणज्यांची आठवण त्यांच्या मनात ताजी असते, आणि आपल्या मुलांच्या भाकरीची हमी त्यांना हवी असते. तेव्हा या प्रश्नावर रागावून चालणार नाही, त्याला उत्तरच दिले पाहिजे. आज ते उत्तर आम्ही एका परक्या देशात वाढलेल्या अभिनेत्रीच्या आयुष्यातून शोधणार आहोत.

तिचे नाव ऑड्री हेपबर्न. 'रोमन हॉलिडे' आणि 'माय फेअर लेडी' हे तिचे चित्रपट आपल्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असतील. जग तिला इंग्रज नटी म्हणून ओळखते. वडिलांकडून ती ब्रिटिश नागरिक होतीच. परंतु तिची खरी जडणघडण नेदरलँड्समध्ये झाली, आणि तो देश आपल्या बेटाला अनोळखी नाही. १५९८ मध्ये डच खलाशी इथे उतरले व त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचे नाव या बेटाला दिले. १६३९ मध्ये जावा बेटावरून इथे ऊस आणला तोही डचांनीच. पुढे सुमारे दोनशे वर्षांनी त्याच उसासाठी आपले पूर्वज मुंबई बंदरातून जहाजात चढले.

आणखी एक धागा आहे. ऑड्रीचे आजोबा बॅरन व्हान हेमस्ट्रा हे आर्नेम शहराचे महापौर होते, आणि १९२१ ते १९२८ या काळात डच वसाहत असलेल्या सुरिनामचे गव्हर्नर होते. १८७३ पासून १९१६ पर्यंत हिंदुस्थानातून हजारो गिरमिटिये याच सुरिनामला नेले गेले. म्हणजे आपल्या पूर्वजांसारखीच माणसे जिथे मळ्यांत राबली, तिथल्या लाटसाहेबाची ही नात. अशा घरातील मुलीला उपासमार कधी ठाऊक होईल, असे कोणालाही वाटले नसते.

ऑड्रीचा जन्म ४ मे १९२९ रोजी ब्रसेल्स येथे झाला. ती सहा वर्षांची असताना वडील घर सोडून निघून गेले. त्यानंतर तिला इंग्लंडमधील केंट परगण्यात शाळेत ठेवण्यात आले. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले, तेव्हा आईने तिला घाईघाईने आर्नेमला माहेरी आणले. पहिल्या महायुद्धात नेदरलँड्स तटस्थ राहिला होता, या वेळीही तसेच होईल, असा आईचा हिशेब. तो साफ चुकला. १० मे १९४० रोजी जर्मन फौजा देशात घुसल्या आणि पाच दिवसांत डच सैन्याने शस्त्रे खाली ठेवली.

या आईविषयी एक गोष्ट लपवून ठेवणे योग्य होणार नाही. बॅरोनेस एला आणि तिचा नवरा हे दोघेही १९३५ च्या सुमारास फॅसिस्ट पंथाच्या नादी लागले होते. एला म्युनिकला जाऊन हिटलरला भेटून आली होती आणि इंग्लंडमधील फॅसिस्ट पत्रात तिने त्याची स्तुतीही लिहिली होती. पुढे जर्मनांची सत्ता तिच्या स्वतःच्या दारात आली. १५ ऑगस्ट १९४२ रोजी तिच्या बहिणीचा नवरा, काउंट ओटो व्हान लिम्बुर्ग स्टिरुम, याला ओलीस म्हणून धरून गोळ्या घालण्यात आल्या. एक मुलगा भूमिगत झाला, दुसऱ्याला सक्तीच्या मजुरीसाठी बर्लिनला नेण्यात आले. एलाचे डोळे उघडले, पण किंमत फार मोठी पडली. वडीलधाऱ्यांच्या हातून अशा चुका होतात आणि त्यांचे ओझे मुलांच्या खांद्यावर पडते, हेही या कहाणीत नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

त्याच आईने एक गोष्ट मात्र सोडली नाही. मुलीचे नृत्याचे शिक्षण तिने चालू ठेवले. आर्नेमच्या संगीतशाळेत विन्या मारोव्हा या शिक्षिकेच्या हाताखाली ऑड्री बॅले शिकत होती. शहरावर परक्यांचे राज्य, रस्त्यात इंग्रजी बोलण्याची चोरी, धान्य शिधापत्रिकेवर, बॅलेचे बूट मिळेनासे झालेले, तरी सराव सुरू राहिला.

जर्मनांनी कलावंतांसाठी एक सरकारी मंडळ काढले होते. त्यात नाव नोंदवल्याशिवाय लोकांपुढे कला सादर करता येत नसे, आणि ज्यू कलावंतांना तर तिथे थाराच नव्हता. ज्यांनी नाव नोंदवण्याचे नाकारले, त्यांची चूल बंद पडली. अशांच्या मदतीसाठी लोकांनी आपापल्या घरांत गुपचूप कार्यक्रम करायला सुरुवात केली. डच भाषेत त्यांना 'काळ्या संध्याकाळी' म्हणत. खिडक्यांवर जाड पडदे, दारे बंद, दाराबाहेर पहारा, आणि दिवाणखान्यात जेमतेम मावतील एवढे प्रेक्षक. तिथे पंधरा वर्षांची ऑड्री पियानोच्या साथीवर नाचत असे. जमलेले पैसे भूमिगत कार्यासाठी आणि लपून राहिलेल्या माणसांसाठी जात. नाच संपला की कोणी टाळी वाजवीत नसे, कारण आवाज रस्त्यावर गेला असता तर सगळेच पकडले गेले असते. नंतरच्या आयुष्यात तिने रंगभूमी आणि पडदा गाजवला, पण त्या निःशब्द प्रेक्षकांची सर कोणालाच आली नाही, असे ती सांगत असे.

युद्धातील तिच्या कामगिरीच्या पुष्कळ कथा पुढे रंगवून सांगितल्या गेल्या. त्या सर्व बाजूला ठेवल्या तरी एवढे उरतेच, की तिच्या कलेची पहिली कमाई दुसऱ्यांच्या ताटात पडली.

१९४४ च्या सप्टेंबरात आर्नेमच्या पुलासाठी मोठी लढाई झाली. दोस्तांची ती मोहीम फसली आणि सगळे शहर जर्मनांनी रिकामे केले. ऑड्रीचे कुटुंब तेव्हा शेजारच्या व्हेल्प गावात राहत होते. डच रेल्वे कामगारांच्या संपाची शिक्षा म्हणून जर्मनांनी अन्नाची वाहतूक अडवली, आणि त्यातच कडाक्याचा हिवाळा आला. या 'भुकेच्या हिवाळ्यात' नेदरलँड्समध्ये सुमारे २०,००० माणसे दगावली. लोकांनी ट्यूलिप फुलांचे कंद उकडून खाल्ले. गव्हर्नरच्या नातीलाही तेच खावे लागले. रक्तक्षय आणि काविळीने ती इतकी खंगली, की नाचणे तर दूरच, जिना चढणेही कठीण झाले. १९४५ च्या एप्रिलमध्ये सुटका झाली आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेचे खोके आले. ते अन्न ती पुढे कधी विसरली नाही.

युद्धानंतर तिने आम्स्टरडॅमला सोनिया गास्केल यांच्याकडे नृत्य पुढे चालू ठेवले. १९४८ मध्ये 'सात धड्यांत डच' अशा अर्थाच्या नावाच्या एका डच चित्रपटात तिला हवाई सुंदरीचे छोटे काम मिळाले. हा तिचा पहिला चित्रपट. त्याच वर्षी शिष्यवृत्ती मिळवून ती लंडनला मारी रॅम्बर्ट यांच्या बॅले शाळेत गेली. तिथे तिला स्पष्ट सांगण्यात आले, की तिची उंची जास्त आहे, ऐन शिकण्याच्या वयात उपासमारीने शरीर कमकुवत झाले आहे, पहिल्या प्रतीची नर्तिका ती होऊ शकणार नाही. ज्या एका स्वप्नावर तिने युद्ध काढले होते, ते असे संपले.

दुसरी एखादी मुलगी घरी बसली असती. ऑड्रीने लंडनच्या संगीतिकांमध्ये मागच्या रांगेत नाचण्याचे काम धरले. 'हाय बटन शूज', 'सॉस टार्टार', 'सॉस पिकाँत' अशा खेळांत ती नाचली. आपला आवाज रंगमंचाला पुरत नाही हे लक्षात येताच फेलिक्स एल्मर या जुन्या नटाकडे तिने उच्चारांचे धडे घेतले. चित्रपटांत दोन-चार वाक्यांची कामे केली. १९५१ मध्ये मोंटे कार्लो येथे एका चित्रपटाचे काम चालू असताना फ्रेंच लेखिका कोलेत यांची नजर तिच्यावर पडली, आणि आपल्या 'जीजी' या कथेवरील नाटकाची नायिका सापडली, असे त्यांनी ठरवूनच टाकले. २४ नोव्हेंबर १९५१ रोजी न्यूयॉर्कला त्या नाटकाचा पडदा उघडला आणि २१९ प्रयोग झाले. १९५३ मध्ये 'रोमन हॉलिडे' आला. १९५४ च्या मार्च महिन्यात तिला या चित्रपटासाठी ऑस्कर आणि 'ऑन्डिन' नाटकासाठी टोनी, असे दोन्ही सन्मान मिळाले.

१९६४ चा 'माय फेअर लेडी' आपल्याला विशेष जवळचा वाटावा. बर्नार्ड शॉ यांच्या ज्या 'पिग्मॅलियन' नाटकावर तो आधारलेला आहे, त्यावरूनच पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये 'ती फुलराणी' लिहिले आणि भक्ती बर्वे यांनी मराठी रंगभूमीवर ती फुलवाली अजरामर केली. गावंढळ बोलणाऱ्या मुलीला शुद्ध भाषा शिकवली जाते, आणि ती शिकता शिकता आपला स्वाभिमानही ओळखते, अशी ती कथा. पडद्यावर ऑड्रीच्या तोंडची बहुतेक गाणी मार्नी निक्सन या गायिकेच्या आवाजात आहेत. त्याचे ऑड्रीला वाईट वाटले, पण तिने काम अर्धवट सोडले नाही.

एक भूमिका मात्र तिने नाकारली. ज्यू मुलगी ॲन फ्रँक ही तिच्याच वयाची, १९२९ चीच. ती आम्स्टरडॅममध्ये लपून राहिली आणि छळछावणीत मरण पावली. १९५९ च्या चित्रपटात ॲनचे काम करावे म्हणून ऑड्रीला विचारण्यात आले. आता आपले वय त्या भूमिकेचे नाही, आणि त्या आठवणी आपल्याला सोसवणार नाहीत, असे म्हणून तिने नकार दिला. पुढे १९९० मध्ये तिने वाद्यवृंदाच्या साथीने ॲनच्या रोजनिशीतील उतारे लोकांना वाचून दाखवले. ते कार्यक्रम युनिसेफच्या मदतीसाठी होते.

१९८८ मध्ये ती युनिसेफची सदिच्छादूत झाली होती. इथिओपिया, सुदान, बांगलादेश, व्हिएतनाम आणि १९९२ मध्ये सोमालिया, असा तिचा प्रवास झाला. भुकेल्या मुलांमध्ये ती बसली, त्यांची कहाणी जगाच्या पुढाऱ्यांना सांगत फिरली. २० जानेवारी १९९३ रोजी स्वित्झर्लंडमध्ये तिचे निधन झाले. व्हेल्प गावात ज्या मदतीने ती जगली, ती मदत तिने अशी परत केली.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. तालमीला जाऊन मुलीला मिळणार काय? ऑस्कर मिळणार नाही, हे उघड आहे. तो लाखांत एखादीला मिळतो. परंतु ऑड्रीला तिच्या बंद दिवाणखान्यात जे मिळाले, ते आपल्या सभागृहातही मिळू शकते. उपाशीपोटीही सराव न चुकवण्याची शिस्त, आपल्या कलेने शेजाऱ्याला आधार देता येतो हा अनुभव, आणि एक दार बंद झाले तर दुसरे ठोठावण्याचे धैर्य तिला तिथे मिळाले. नोकरी-धंद्यात पडणाऱ्या मुलालाही ही शिदोरी आयुष्यभर पुरते.

आपले पूर्वज हे जाणून होते. दिवसभर ऊस तोडून थकलेली ती माणसे संध्याकाळी बैठकेत जमत, भजने म्हणत, गौरी-गणपतीला झाकरी नाचत. तिथे तिकीट नव्हते, करंडक नव्हता, परीक्षक नव्हते. तरीही त्या अंगणांतूनच मराठी आपल्यापर्यंत पोहोचली. आज आपल्या बहुतेक घरांत क्रेओल बोलली जाते. शाळेत मराठी शिकलेली मुले ती परीक्षेत लिहितात, पण मोठ्या आवाजात, न लाजता, चार लोकांसमोर ती बोलण्याची जागा एकच उरली आहे, आणि ती म्हणजे आपला रंगमंच. ती जागा गेली, तर मराठी फक्त प्रमाणपत्रावर उरेल.

म्हणून आमची मंडळांना विनंती आहे, की तालमीच्या वेळा शाळेच्या परीक्षा पाहून ठरवाव्यात. मुलांना मागच्या रांगेत उभे करून ठेवू नये, बोलायला वाक्ये द्यावीत, आणि उच्चार शिकवायला जुन्या जाणत्या माणसांना बोलवावे. आईवडिलांना विनंती आहे, की बक्षीस मिळाले का, हे विचारण्याआधी एकदा तालमीला येऊन बसावे. आणि ज्यांना वाटते की रिकाम्या खुर्च्यांपुढे नाटक कशाला करायचे, त्यांनी आर्नेम-व्हेल्पच्या त्या काळ्या संध्याकाळी आठवाव्यात. तिथे प्रेक्षक मूठभर होते, आणि टाळ्या वाजवायची त्यांना मुभा नव्हती. आपल्याला आहे. तेव्हा यंदा सभागृहात या, मुलांचे बोल कान देऊन ऐका, आणि अगदी मनसोक्त टाळ्या वाजवा.