लॅगवरचे अंगारे-धुपारे

आधीच सांगून टाकतो, ही नोंद चिडून लिहिलेली आहे.

गेमिंगच्या कॉम्प्युटरवर "माउस मागे राहतो", "हात पुढे आणि चित्र मागे" अशी तक्रार कोणी केली की त्यावर जी औषधं सांगितली जातात ती ऐकून माझं डोकं फिरतं. एक जण म्हणतो रजिस्ट्रीत जाऊन अमुक आकडा बदल. दुसरा म्हणतो विंडोज पुन्हा टाक. तिसरा कुठलातरी "बूस्टर" उतरवून घ्यायला सांगतो, आणि तो चालवायचा म्हणजे मशीनच्या सगळ्या किल्ल्या त्याच्या हवाली करायच्या. चौथा दुकानदार. तो म्हणतो नवा माउस घ्या, आणि त्याने नाही भागलं तर नवं ग्राफिक्स कार्ड. उशीर नेमका किती होतोय आणि कुठे होतोय, हे विचारायची तसदी मात्र या चौघांतला एकही घेत नाही. थर्मामीटर न लावता तापाचं औषध! आपल्याकडे याला अंगारे-धुपारे म्हणतात, फक्त इथे बाबाच्या जागी आरजीबी दिवे लावलेला यूट्यूबवाला असतो.

माझं म्हणणं साधं आहे. लॅग मोजता येतो. तो मोजल्याशिवाय त्याच्यावर एक रुपयाही खर्च करू नये.

ज्यांना या विषयात काडीचाही रस नाही अशा मंडळींसाठी (आत्या, तू सुद्धा) थोडं सविस्तर. तुम्ही माउस हलवला की ती हालचाल सरकारी कचेरीतल्या फायलीसारखी टेबलाटेबलावरून जाते. आधी माउसचा सेन्सर, मग यूएसबी, मग विंडोज, मग गेमचा प्रोग्रॅम, मग ग्राफिक्स कार्ड आणि शेवटी मॉनिटर. कचेरीत कारकून सही करायला चार सेकंद घेतो, पण फाईल टेबलावर चार दिवस पडून असते, तसंच इथेही. काम कमी, वाट बघणं जास्त. आणि वाट बघण्यातला उशीर कारकून बदलून जात नाही.

आता आकडे बघा. कॉम्प्युटर साध्या माउसला सेकंदाला १२५ वेळा विचारतो, "हललास का?" म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एकदा, सरासरी वाट ४ मिलिसेकंद. गेमिंगच्या माउसला सेकंदाला १००० वेळा विचारतो, सरासरी वाट अर्धा मिलिसेकंद. म्हणजे हजारो रुपये मोजून या टेबलावर वाचले किती, तर साडेतीन मिलिसेकंद. पुढच्या टेबलांवर काय चाललंय? ६० हर्ट्झच्या पडद्यावर एकेक चित्र १६.७ मिलिसेकंदांनी येतं. गेमने चित्रं आधीच तयार करून रांगेत उभी केली (डायरेक्टएक्समध्ये मुळात अशी तीन चित्रांपर्यंत रांग चालते) तर गेले ५० मिलिसेकंद. आणि पडदा म्हणून टीव्ही वापरत असाल तर चित्र "सुंदर" करण्याच्या नादात तो आणखी पन्नास, कधी शंभरही खाऊ शकतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते हेच.

पण दुकानात काउंटरवर माउस मांडता येतो, टीव्हीच्या मेनूमधलं एक बटण मांडता येत नाही. त्यामुळे सल्ला माउसचाच मिळणार.

माझ्या भाच्याचंच उदाहरण घ्या. चिरंजीव कॉलेजात आहेत, हॉलमधल्या टीव्हीला कॉम्प्युटर जोडून खेळतात. लॅगची तक्रार घेऊन दुकानात गेले, तिथून साडेचार हजारांचा माउस घेऊन आले. फरक शून्य. मग त्याच दुकानाने कार्ड बदलायचा सल्ला दिला, बत्तीस हजार फक्त. ताई गप्प आणि दाजी भडकलेले, कारण त्यांच्या मते लॅग-बिग काही नाही, अभ्यास टाळायचे धंदे आहेत. मी दिवाळीत गेलो तेव्हा हा वाद ऐन रंगात होता.

आम्ही केलं ते असं. फोनवर स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम्सचं शूटिंग लावलं, माउस आणि टीव्ही एकाच चौकटीत येतील असा फोन उशांच्या ढिगावर ठेवला. फूटपट्टीने माउसला बाजूने टिचकी मारायची आणि मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजायचं, माउस हलल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत किती फ्रेम्स गेल्या. एक फ्रेम म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. एकदा मोजून चालत नाही, कारण पडद्याच्या ठोक्यात तुम्ही कुठे सापडता त्यावर आकडा हलतो. दहा वेळा मोजून सरासरी काढायची. (काही फोन मधल्या फ्रेम्स स्वतःच्या मनाने बनवून घालतात, ते या कामाला निरुपयोगी.)

आधी साध्या डेस्कटॉपवर मोजलं, २४ फ्रेम्स. म्हणजे १०० मिलिसेकंद. मग गेममध्ये, तर ३८. जवळजवळ १५८! आणि जुना, दोनशे रुपयांचा माउस लावला तर तेच आकडे. इथेच निम्मं निदान झालं. विंडोजचा बाण सहसा ग्राफिक्स कार्ड वेगळा, चित्राच्या वरून काढतं, गेमच्या रांगेशी त्याचा संबंध नसतो. तो बाणही मागे राहत असेल तर दोष माउस, विंडोज किंवा पडद्याकडे. माउस बदलून पाहिला होता, तेव्हा पहिला संशय टीव्हीवर. आणि गेममध्ये वर जो आणखी उशीर होतो, तो गेमच्या रांगेचा.

टीव्हीच्या मेनूत "गेम मोड" होता. तो चालू केल्यावर डेस्कटॉप २४ वरून ६ वर आला, गेम ३८ वरून २० वर. मग गेममधलं व्ही-सिंक बंद केलं, फ्रेम्सना मर्यादा घातली आणि गेम १० वर आला, म्हणजे ४२ मिलिसेकंद. खर्च शून्य रुपये. व्ही-सिंक बंद केल्यावर चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसतं. तो तोटा सोसायचा की नाही, हे खेळणाऱ्याने ठरवावं. चिरंजीवांनी सोसायचं ठरवलं.

फ्रेम्सना मर्यादा घातल्यावर उशीर कमी होतो हे बऱ्याच जणांना पटतच नाही. "जास्त फ्रेम्स चांगल्या ना?" चांगल्याच. पण कार्ड ९९ टक्के राबत असेल तर त्याच्या दारात रांग लागते, आणि तुमची ताजी हालचाल रांगेच्या शेवटी उभी राहते. थोडा श्वास घ्यायला दिला की रांगच लागत नाही. हे मी एकटा सांगत नाही. एएमडीने २०१९ मध्ये अँटी-लॅग आणलं, एनव्हिडियाने २०२० मध्ये रिफ्लेक्स. दोन्हींचा मुख्य उद्योग ही रांग तोडणं हाच. रिफ्लेक्स तर जीटीएक्स ९०० मालिकेपासूनच्या जुन्या कार्डांवरही चालतं, गेममध्ये ती सोय असली की झालं. म्हणजे कार्ड विकणाऱ्या कंपन्यांना जे कळलंय ते कार्ड विकणाऱ्या दुकानाला सांगावंसं वाटत नाही.

आता रजिस्ट्रीवाल्या बाबांकडे वळू. यांचा लाडका उतारा म्हणजे विंडोजला अमुकच घड्याळ वापरायला लावायचं, एचपीईटी नावाचं. २०१८ मध्ये आनंदटेक या साइटच्या (आता ती बंद झाली) प्रोसेसर चाचण्यांचे आकडे इतरांशी जुळेनात. शोध घेतला तेव्हा निघालं की हेच घड्याळ सक्तीने चालू ठेवल्यामुळे इंटेलच्या मशीनवर गेम हळू पडत होते. म्हणजे औषधानेच ताप! तरी आजही हा उतारा "करून बघ, मला फरक जाणवला" म्हणून फिरतोच आहे.

"फरक जाणवला" या दोन शब्दांचा मला मनस्वी राग आहे. जाणवणारच की हो. अर्धा तास खपून पंधरा सेटिंग्ज बदलल्यावर कोणालाही जाणवेल. खरं करायचं असेल तर धाकट्या भावाला कॉम्प्युटरशी बसवा. त्याने सेटिंग चालू किंवा बंद करायचं, तुम्हाला सांगायचं नाही, आणि तुम्ही ओळखायचं. वीस वेळा. दहा-अकराच बरोबर आले तर नाणं उडवूनही तेवढेच आले असते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पंधरा एकदम बदलल्यात तर बरं झालं तरी कशाने झालं ते कळत नाही, आणि बिघडलं तर मग विचारूच नका.

माउस कधीच दोषी नसतो असं मी म्हणत नाही. बिनतारी माउसचा डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टला किंवा हार्ड डिस्कला चिकटून असेल तर खरोखर झटके बसतात. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, इंटेलने २०१२ मध्ये स्वतःच हे लिहून ठेवलंय. उपाय? छोटी एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल माउसजवळ आणा. उलट सेकंदाला ८००० वेळा बोलणारे महागडे माउस साधारण मशीनवर लावले तर प्रोसेसर त्यांच्याच गप्पा ऐकत बसतो. जास्त वेगाच्या माउसमुळे गेम अडखळू नये म्हणून मायक्रोसॉफ्टला २०२३ मध्ये विंडोज ११ मध्ये दुरुस्ती करावी लागली. आणि पैसे खर्चच करायचे असतील तर १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर करा, तिथे एकेक चित्र ६.९ मिलिसेकंदांनी येतं. पण तेही मोजून झाल्यावर.

राहता राहिले दाजी. (दाजी, तुम्ही हे वाचता हे मला माहीत आहे. :) ) "गेमच तर आहे, थोडं मागेपुढे झालं तर काय बिघडतं?" मुळात उशीर गेममध्ये नसतो, हात आणि डोळा यांच्या मध्ये असतो. स्कॉट मॅकेन्झी आणि कॉलिन वेअर या दोघांनी १९९३ मध्ये याचा प्रयोग केला होता. काम एवढंच, माउसने पडद्यावरच्या लक्ष्यापर्यंत जाऊन क्लिक करायचं. उशीर २२५ मिलिसेकंद केला तेव्हा लागणारा वेळ ६४ टक्क्यांनी वाढला आणि चुका २१४ टक्क्यांनी. यात गेम नव्हता, साधं नेम धरून टिचकी मारणं होतं. तुमच्या ऑफिसातला एक्सेलवाला दिवसभर हेच करतो, आर्किटेक्चरची पोरं रात्रभर हेच करतात. आणि "डोळ्याला कुठे कळतंय" म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. डूम, क्वेकवाला जॉन कारमॅक २०१२ मध्ये म्हणाला होता की युरोपला एक पॅकेट पाठवायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा जास्त वेळ समोरच्या पडद्यावर एक ठिपका पोचवायला लागतो. लोकांना वाटलं थट्टा आहे. त्याने सेकंदाला २४० फ्रेम्सच्या कॅमेऱ्याने मोजलं होतं. पोराची तक्रार खरी आहे की खोटी हे त्याच्या मार्कशीटवरून ठरत नाही, दाजी. १५८ मिलिसेकंद होते, तुमच्यासमोर मोजले.

असो. ज्यांच्याकडे टीव्हीला कॉम्प्युटर जोडलेला आहे त्यांनी गेम मोडच्या आधी आणि नंतर मोजून मला आकडे कळवा, टीव्हीच्या मॉडेलसकट. काही टीव्हींवर एचडीएमआयच्या त्या पोर्टचं नाव मेनूत जाऊन "पीसी" केल्यानेही उशीर उतरतो म्हणे, तेही बघा. "फरक जाणवला" असं कळवणाऱ्यांना मी फूटपट्टी पाठवून देईन.