गाठ गेली, दातांचं काय?

नारायणगावच्या स्टँडवर परवा एक ओळखीचे शेतकरी भेटले. तोंडाचा कॅन्सर होता, पुण्यात शेक घेऊन दोन वर्षं झाली. गाठ गेली. पण माणूस अजून भाकरी दुधात कालवून, पातळ करून गिळतो. शेकानंतर दाढ दुखायला लागली, जवळच्या दवाखान्यात उपटून घेतली. जखम भरलीच नाही, आता जबड्याचं हाड कुजतंय. शेक घेतलाय हे यांनी सांगितलं नाही, समोरच्यानं विचारलं नाही. आणि शेक सुरू होण्याआधी ‘दात दाखवून या’ असं कुणी सांगितल्याचं त्यांना आठवत नाही.

तोंडाला, गळ्याला शेक दिला की लाळेच्या ग्रंथी आटतात. लाळ गेली की दातांचं राखण गेलं, मग हिरडीच्या कडेनं दात भराभर किडतात. जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठाही घटतो. म्हणून खराब दात शेकाच्या आधी काढायचे, जखम भरायला दोन-तीन आठवडे द्यायचे. कॅन्सर हाडात पसरला की झोलेड्रोनिक ॲसिड देतात, त्यातही जबड्याला हाच धोका. हे काही नवं संशोधन नाही, डॉक्टरांना शिकवतात ते.

महात्मा फुले योजनेच्या मंजुरीसाठी रेशनकार्डापासून बायोप्सीपर्यंत कागद जमवताना घरच्यांचे जोडे झिजतात. त्याच गठ्ठ्यात दातांच्या डॉक्टरची एक चिठ्ठी सक्तीची करायला काय जातं?

‘तंबाखू खाल्ली, आता भोगा’ म्हणणारे कमेंटमध्ये येतीलच. गुटखाबंदी 2012 पासून आहे. पुडी कुठल्या टपरीवर मिळत नाही, ते आधी सांगा. आणि स्तनाच्या कॅन्सरच्या बाईचं तोंड केमोनं सोलवटतं, पाणीसुद्धा झोंबतं, तिनं काय खाल्लं होतं?

भीमाशंकरच्या बाजूच्या वाडीतला माणूस ‘तोंड कोरडं पडतं’ म्हणून पुण्याला जाणार नाही. रोज बुडतो. हे काम मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात, घोडेगाव, जुन्नर, नारायणगावच्या ग्रामीण रुग्णालयांत व्हायला हवं. दातांचे डॉक्टर कुठल्या वारी बसतात, एवढा बोर्ड तरी दारात लावा. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शिबिरात टूथपेस्टच्या पुड्या वाटून फोटो निघतो, जबडा वाचत नाही.

कुणाचा शेक ठरला असेल तर सुरू होण्याआधी दात दाखवा. झाला असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय दाढ काढू नका. आणि सरकारी दवाखान्यातून तपासणी न करता परत पाठवलं, तर तारीख टाकून खाली लिहा. मी ते घेऊन तहसीलदारांकडे जाणार आहे.