पेडण्याच्या लेकी आणि जपानचा चेंडू

पेडणे म्हटले की श्रीभगवतीचे देऊळ, आश्विनातील पुनाव आणि रात्रभर रंगणारे दशावतारी नाटक या गोष्टी आमच्या वाचकांना प्रथम आठवतील. फुटबॉल कोणास आठवणार नाही. तो सासष्टी-बारदेशचा खेळ, असा आपला समज. परंतु 1883 साली फादर लायन्स या धर्मगुरूंनी गोव्यात हा खेळ आणला तो शिवोलीस. आणि शिवोलीच्या समोर, शापोरा नदीच्या पलीकडच्या तीरावर पेडणे तालुक्यातील चोपडे गाव आहे. खेळ गोव्यात उतरला तो पेडण्याच्या उंबरठ्यावर. आज आम्हांस विचारावयाचे आहे ते इतकेच, की हा खेळ पेडण्याच्या, आणि पर्यायाने आपणा सर्वांच्या, लेकींपर्यंत पोहोचण्यास एवढा विलंब का?

मुलींनी फुटबॉल खेळणे हे कालपरवाचे खूळ आहे असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. स्त्रियांच्या फुटबॉलची अखिल भारतीय संघटना 1975 साली निघाली आणि त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. 1980 च्या जानेवारीत कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुली उपविजेत्या ठरल्या. 1981 साली हाँगकाँगमध्ये तिसऱ्या, तर 1983 साली बँकॉकमध्ये पुन्हा दुसऱ्या आल्या. गोव्याच्या योलांडा डिसोझा याच काळात भारताकडून खेळल्या आणि पुढे चित्रकार म्हणूनही नावारूपास आल्या.

आता जपानकडे पाहावे. जपानच्या स्त्रियांचा राष्ट्रीय संघ प्रथम मैदानात उतरला तो 1981 च्या त्याच हाँगकाँगच्या स्पर्धेत. पहिलाच सामना त्यांनी गमावला. त्यानंतर बरोबर तीस वर्षांनी, 2011 साली, फ्रँकफर्ट येथे अमेरिकेस हरवून जपानी स्त्रिया जगज्जेत्या झाल्या. आणि भारत? 2009 साली, दीर्घकाळ सामनेच न खेळल्यामुळे, आपल्या संघाचे नाव जागतिक क्रमवारीतून वगळले गेले होते. शर्यतीत जो पुढे होता तो वाटेतच बसून राहिला, असे का व्हावे?

जपानी मुलींच्या अंगी काही दैवी गुण होता असे नव्हे. त्यांनी 1989 साली स्त्रियांची स्वतंत्र साखळी स्पर्धा सुरू केली. आपल्याकडे वर्षाकाठी एक स्पर्धा भरे आणि मुली पुन्हा घरी परतत. तेथे मात्र संपूर्ण मोसमभर सामने होऊ लागले. पुष्कळ खेळाडू दिवसा कचेरीत काम करीत आणि संध्याकाळी सराव करीत. नव्वदच्या दशकाअखेर मंदी आली, कित्येक कंपन्यांनी आपले संघ मोडले. तरी साखळी तुटली नाही. जगज्जेत्या संघाची कर्णधार होमारे सावा त्या वर्षी कोबे शहराच्या आयनॅक या क्लबाकडून खेळत होती. पुढे 2021 च्या सप्टेंबरात अकरा क्लबांची संपूर्ण व्यावसायिक साखळी सुरू झाली आणि तिचे पहिले विजेतेपद याच कोबेच्या क्लबाने मिळविले. प्रत्येक क्लबाने किमान पंधरा खेळाडूंशी व्यावसायिक करार करावा, आणि क्लबाच्या कर्मचारीवर्गातही स्त्रियांचे प्रमाण ठराविक मुदतीत निम्म्यावर आणावे, असे नियम तेथे घालण्यात आले. खेळ हा छंद न राहता चरितार्थ झाला.

या जपानी शिस्तीचे फळ गोव्याने प्रत्यक्ष पाहिले आहे. 2022 च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा भारतात झाली, तेव्हा जपानचा संघ मडगावच्या फातोर्डा मैदानावर खेळला. आपल्या मुली भुवनेश्वरला तिन्ही सामने हरल्या. मात्र निराश होण्याचे कारण नाही. 2016-17 पासून आपल्याकडेही स्त्रियांची राष्ट्रीय साखळी सुरू झाली. 2021-22 च्या मोसमात तिच्यात गोव्याचा सिरवोडे क्लब उतरला होता. आणि 2025 च्या जुलैत थायलंडला त्यांच्याच भूमीवर 2-1 असे हरवून भारतीय स्त्रियांनी आशिया चषकात प्रवेश मिळविला.

तथापि साखळीची पहिली कडी घरातच असते. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की सायंकाळी मैदानावरून परतण्याची सोय, शिकवणी, लोक काय म्हणतील ही चिंता, या तिन्ही गोष्टी एकदमच पुढे येतात आणि बूट फळीवर जातात. हे पेडण्यात होते, तसेच बडोद्यास, इंदुरास आणि हैदराबादेसही होते. दशावतारात स्त्रीची भूमिका पुरुष वठवितो, ती परंपरा म्हणून आपण कौतुकाने पाहतो. मग मैदानावर मुलगी उतरली तर नाके का मुरडावीत?

आमची सूचना साधी आहे. आपल्या मंडळांपाशी सभागृहे आहेत, कोठे पटांगणेही आहेत. गणेशोत्सवात मुलींची एक संगीतखुर्ची ठेवून आपण समाधान मानतो. त्याऐवजी आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलींसाठी पटांगण राखून ठेवावे, आणि पालकांनी आळीपाळीने त्यांना घरी पोहोचविण्याचे काम अंगावर घ्यावे. त्यांतील एखादीच राष्ट्रीय संघात जाईल, बहुतेक जणी जाणार नाहीत. पण मुलीला खेळ सोडावासा वाटला, तर तो तिने स्वतःच्या इच्छेने सोडावा, घरी परतण्याची सोय नाही म्हणून नव्हे.