साथीला कोण?

नियतकालिक काढण्याची हौस मराठी माणसाला गोवरासारखी एकदा तरी येऊन जाते. ज्याला ती शाळेत येते तो हस्तलिखित काढतो, ज्याला तरुणपणी येते तो घरचे पैसे घालवतो आणि ज्याला उतारवयात येते तो ज्ञातीच्या मंडळाचे मुखपत्र चालवतो. आमच्या महाविद्यालयात या हौसेला आता अभ्यासक्रमातच जागा मिळाली आहे. तिथे तिचे नाव ‘प्रकल्प’ आणि तिचे मोल चार श्रेयांक.

गेल्या वर्षी तृतीय वर्षाच्या आठ मुलामुलींनी संगीताचे मासिक काढायचे ठरवले. म्हणजे योजना आखायची, अंकाची मांडणी करायची आणि नमुन्याचा एक अंक खरोखर छापून दाखवायचा. पाने 48, प्रती 100. मार्गदर्शक म्हणून माझी नेमणूक झाली, ती मला गाणे कळते म्हणून नव्हे. मराठीच्या प्राध्यापकाला शुद्धलेखन येते असा एक समज अजून शिल्लक आहे, म्हणून!

पहिल्या तीन बैठका नाव ठरवण्यात गेल्या. शेवटी कोणते नाव ठरले ते इथे सांगत नाही, कारण त्यावरून दोन मुलींचे बोलणे अजून बंद आहे. मुखपृष्ठावर मात्र चटकन एकमत झाले. जांभळे आकाश, डोळे मिटलेली गायिका, वर गेलेला हात आणि मागे चंद्र.

“आणि आत काय?” मी विचारले.

“आत मजकूर येईल ना, सर!”

मजकूर हा पाहुण्यांबरोबर येणाऱ्या मुलांसारखा आपोआप येतो, अशी त्यांची कल्पना होती. तेवढ्यात त्यांच्यातलाच एकजण म्हणाला, “पण सर, सगळं गाणं फोनवर ऐकायला मिळतं. मग ते वाचायचं कशाला?” प्रश्न खोचक नव्हता, खरा होता. मी तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आणि शिपायाला सांगितले, एवढे पुसू नकोस.

वाचायचे कशाला, हे पूर्वी लोकांना विचारावे लागत नसे. हाथरसचे ‘संगीत’ 1935 साली निघाले, गांधर्व महाविद्यालय मंडळाचे ‘संगीत कला विहार’ 1947 साली. त्याआधीपासून केशवराव भोळे ‘एकलव्य’ या टोपणनावाने गायकांवर लिहीत आणि लोक ते लेख राखून ठेवीत. वामनराव देशपांडे पेशाने हिशेबतपासनीस, पण 1961 साली त्यांचे ‘घरंदाज गायकी’ आले आणि घराणे म्हणजे काय यावर घराघरांत वाद सुरू झाले. मुंबई-पुण्याबाहेरच्या वाचकाला वर्षातून एखादी मैफल मिळायची. उरलेली अकरा महिन्यांची भूक तो वाचून भागवी. आता भूक तीच असेल, पण ताट चोवीस तास वाढलेले आहे. अशा वेळी मासिकाने काय वाढायचे, हाच खरा पेच होता आणि तो जांभळ्या आकाशाने सुटण्यासारखा नव्हता.

म्हणून पुढच्या आठवड्यात मी मुलांना एका छापखान्यात नेले. तिथल्या फोरमनने एक मोठा कागद तीनदा मोडून सोळा पानांची घडी केली, पानांवर पेन्सिलीने आकडे घातले आणि कागद पुन्हा उलगडला. पहिल्या पानाच्या शेजारी सोळावे, चौथ्याच्या शेजारी तेरावे, पाचव्याच्या शेजारी बारावे! शेजाऱ्यांची बेरीज दर वेळी 17. असे तीन कागद म्हणजे आमचा 48 पानांचा अंक. या बेरजेत मासिकाचा सारा जमाखर्च असतो. कागदाच्या एकाच बाजूला रंग घातला तर आठ पाने रंगीत मिळतात खरी, पण कोणती? 1, 4, 5, 8, 9, 12, 13 आणि 16. रंगीत छायाचित्रांचा सलग आठ पानांचा विभाग हा मुलांचा सर्वांत लाडका बेत त्या घडीत मिटला. (दिवाळी अंक चाळताना कथेच्या ऐन मध्यावर साबणाची रंगीत जाहिरात का भेटते, याचेही एक कारण तिथे कळते.) परत येताना मुले नावाबद्दल बोलत नव्हती, पानांबद्दल बोलत होती. मला बरे वाटले.

मग स्वरलिपी आली. चार पाने बंदिशींसाठी राखली होती आणि ते काम सोपे असेल असे सर्वांना वाटत होते. आता भातखंड्यांच्या पद्धतीत मंद्र सप्तकाच्या स्वराखाली टिंब आणि तार सप्तकाच्या स्वरावर टिंब. पलुसकरांच्या पद्धतीत मंद्राचेच टिंब डोक्यावर आणि तार सप्तकाला उभी रेघ. म्हणजे डोक्यावर टिंब असलेला तोच ‘सा’ एका पंडिताच्या हिशेबी वरच्या मजल्यावर आणि दुसऱ्याच्या हिशेबी तळघरात! बरे, तीच उभी रेघ भातखंड्यांच्या ‘म’वर चढली की तो तीव्र मध्यम. दोघेही मोठे, दोघांचेही शिष्य आग्रही. मुलांनी एकमताने भातखंडे घेतले, ते केवळ वर्गातल्या संगीत शिकणाऱ्या मुलीची वही त्या पद्धतीत होती म्हणून.

पण संगणकाला ना भातखंडे ठाऊक, ना पलुसकर. त्याच्या लेखी ‘सा’वर टिंब म्हणजे ‘सां’, साधा सांगलीतला सां. अक्षरजुळणी करणाऱ्या गृहस्थांनी सौजन्याने आमची सगळी टिंबे ‘शुद्ध’ करून पाठवली. मंद्रात उतरणारी आणि तारेत जाणारी ती बंदिश बिचारी मध्य सप्तकात मुकाट बसून राहिली. 1962 साली साहित्य महामंडळाच्या नियमांनी मराठीतले अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, त्यावर मी दर वर्षी दोन तास बोलतो आणि मुले दर वर्षी जांभया देतात. या वेळी एका टिंबासाठी तीच मुले रात्री अकराला मला फोन करीत होती. अखेर ती चारही पाने वहीवाल्या मुलीने काळ्या शाईने हातानेच लिहिली आणि ती तशीच छापली. अंकातली सर्वांत देखणी पाने तीच आहेत, हे माझे मत मी लपवीत नाही.

इथवर सारे मजेचे होते. खरी कसोटी मैफलीच्या परीक्षणावर लागली.

परीक्षण लिहिणारी मुलगी हुशार. सातशे शब्द तिने बैठकीत वाचून दाखवले. विलंबित ख्यालाची बढत, तानांची झेप, शेवटचे भजन, अगदी शालीचा रंगसुद्धा. सगळ्यांनी वाहवा केली. मागच्या बाकावर एक मुलगा बसे. तीन महिन्यांत तो फारसे बोलला नव्हता. त्याने विचारले, “साथीला कोण होतं?”

“होते कोणीतरी,” ती म्हणाली, “छान वाजवत होते.”

तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशी मात्र एक जाड वही घेऊन माझ्या खोलीत आला. त्याचे वडील पेटीवाले. गेली वीस-बावीस वर्षे ते साथीला बसतात. त्याची आई त्यांच्या कार्यक्रमांच्या बातम्यांची कात्रणे या वहीत चिकटवीत आली आहे. साठ-एक कात्रणे होती. मुलाने मोजली होती. वडिलांचे नाव नऊ ठिकाणी, त्यांतही दोन ठिकाणी चुकीचे. छायाचित्रे बरीच. गायक मधोमध, माईक, हार, समई आणि कडेला कुठे अर्धी पेटी, कुठे नुसता सदऱ्याचा बाह्या. एका छायाचित्रात भात्यावरची चार बोटे तेवढी उरली होती. त्याखाली आईने शाईने लिहिले होते, ‘हे’.

“रात्री दोनला घरी येतात सर,” तो म्हणाला, “आणि सकाळी आई पेपर आणते.”

यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. मी वही ठेवून घेतली आणि पुढच्या बैठकीत मुलांसमोर उघडली.

ही रीत फार जुनी आहे. 1902 च्या नोव्हेंबरात कोलकात्याला गौहर जान यांचे गाणे तबकडीवर घेतले गेले. तबकड्या तयार होत जर्मनीत. तिकडच्या माणसाला कोणती तबकडी कोणाची हे कळावे म्हणून गाणारे शेवटी आपले नाव मोठ्याने सांगत, असे म्हणतात. त्या तबकड्या आज कोणीही फोनवर ऐकू शकतो. तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्यातसुद्धा नावासाठी जागा काढली, पण एकाच नावासाठी. मागे वाजणाऱ्यांचे हात ऐकू येतात, नाव ऐकू येत नाही. आणि पेटीचे नशीब तर विचारूच नये. आकाशवाणीवर 1940 पासून तिला मज्जाव होता. तो 1971 मध्ये उठला, तोही अंशतः. ज्या गोविंदराव टेंब्यांनी (1881–1955) ‘माझा संगीत व्यासंग’सारखे पुस्तक लिहिले, ते स्वतः नावाजलेले पेटीवादक होते, हे आमच्या आठांपैकी एकालाही ठाऊक नव्हते.

वहीवाल्या मुलाने प्रस्ताव मांडला. साथीदारांची पूर्ण नावे असल्याशिवाय एकही परीक्षण छापायचे नाही. तबला, पेटी, मागे तंबोऱ्यावर बसलेले, सगळे.

विरोध झाला आणि तो पोकळ नव्हता. परीक्षण लिहिणारी मुलगी म्हणाली, “पानाला चारशे शब्द बसतात. एवढी नावं घातली तर अंक लग्नपत्रिकेसारखा दिसेल. वाचक गाण्यासाठी वाचतो, हजेरीपट वाचायला नाही.” दुसऱ्याने विचारले, तंबोरा वाजवणाऱ्याचे नाव घालायचे, तर माईक लावणाऱ्याचे का नाही? बराच वेळ कोणाला उत्तर देता येईना. मग वहीवाला मुलगा उठला आणि त्याने फळ्याच्या कोपऱ्यातल्या त्या जुन्या प्रश्नाकडे बोट दाखवले. “गाणं फोनवर ऐकू येतं,” तो म्हणाला, “पण वाजवतंय कोण, ते ऐकू येत नाही. ते वाचावंच लागतं.”

मत घेतले. पाच विरुद्ध तीन. मला मत नव्हते, पण असते तर सहा झाली असती.

नावे शोधायचीच, तर वाद्यांपर्यंत जाऊ, असे एकीने सुचवले आणि आम्ही एका रविवारी मिरजेला गेलो. मिरजेचे तंबोरे आणि सतारी देशभर जातात. 2024 साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. शस्त्रांची मागणी सरली तेव्हा तिथल्या शिकलगारांनी वाद्ये हाती घेतली, असे सांगतात. भोपळे पंढरपूरकडच्या शेतांतून येतात, आणि भोपळ्याचा घेर ठरला की बाकीचे वाद्य त्याच्या मापाने ठरते. एक कारागीर घोडीवर कानस फिरवीत बसला होता. दोन-चार वेळा घासायचे, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा घासायचे. जवारी लागली तेव्हा बोलता बोलता आम्ही सगळेच थांबलो. एका मुलाने विचारले, वाद्यावर तुमचे नाव असते का? तो हसून म्हणाला, “दुकानाचं असतं.” त्याचे नाव आमच्या अंकात पान 29 वर आहे.

आता जांभळ्या आकाशाचे काही खरे नव्हते. मुखपृष्ठावर भात्यावरची ती चार बोटे छापायची असे मुलांनी ठरवले. कल्पना उत्तम होती. पण मुलाच्या वडिलांनी साफ नकार दिला. ते स्वतः मला भेटायला आले. मृदू बोलणारे, इस्त्रीचा सदरा घातलेले गृहस्थ. म्हणाले, “सर, पोरांचं प्रेम कळतं मला. पण मुखपृष्ठावर पेटीवाला आला, तर गाणाऱ्यांना काय वाटेल? उद्या बोलावणं थांबलं तर पोराची फी कुठून भरू? नाव घाला सगळ्यांबरोबर, त्याच टाइपात. बोटं नकोत.”

काही मुलांना हे भित्रेपण वाटले. मला तसे वाटले नाही. बिदागीवर घर चालवणारा माणूस किती पावले पुढे यायचे ते मोजून जाणतो. मुलांना समजवायला एक संध्याकाळ लागली. सर्वांत जास्त वेळ त्याच्याच मुलाला लागला. शेवटी मुखपृष्ठावर मैफल सुरू होण्याआधीचा रिकामा रंगमंच आला. झाकलेला तबला, मिटलेली पेटी, आडवे ठेवलेले दोन तंबोरे, माणूस एकही नाही. आतल्या दोन पानांवर शहरातल्या त्या महिन्यातल्या नऊ मैफली, आणि प्रत्येकीखाली सगळी नावे एकाच टाइपात, वर्णाक्षरांच्या क्रमाने. त्यामुळे एका ठिकाणी एक नामवंत गायिका तिसऱ्या क्रमांकावर आली. तिने तक्रार केली नाही. कदाचित अंक पाहिला नसेल.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मांडणी वाखाणली, मुखपृष्ठावर गायकाचा फोटो का नाही असे विचारले आणि चारही श्रेयांक दिले. अंक 60 रुपयांना एका सभागृहाच्या दाराशी विकायला ठेवले. पहिल्या दिवशी 31 गेले. त्यांतले सहा एका तबलजीने एकट्याने घेतले.

त्या रात्री वहीवाल्या मुलाने वडिलांपुढे अंक ठेवला. ते आपल्या नावापाशी थांबलेच नाहीत. नऊ मैफलींची यादी त्यांनी बोट फिरवीत शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, “ही सातव्या मैफलीत तंबोऱ्यावर होती ना, तिचं आडनाव चुकलंय. वेलांटी ऱ्हस्व नाही, दीर्घ.” दुसऱ्या दिवशी मुलांनी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापून आणल्या आणि उरलेल्या 69 प्रतींवर माझ्या खोलीत बसून एकेक चिकटवली. मग विकल्या गेलेल्या 31 प्रती कोणाकोणाकडे गेल्या, त्याची यादी करायला ती बसली.