संगणक येतो, काम येते का?

बारावीचा निकाल लागतो, वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीचा खर्च झेपणारा नाही असे घरात ठरते आणि मग मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात एक वाक्य हमखास उच्चारले जाते : 'काहीतरी कॉम्प्युटरचे करून ठेव.' या 'काहीतरी'मध्ये आयटीआयचा वर्षभराचा 'कोपा' येतो, २००१ पासून गावोगाव पोहोचलेली एमएस-सीआयटी येते, बीसीए येते आणि वाणिज्य शाखेच्या पदवीला जोडून दिलेले संगणकाचे विषयही येतात. त्यातला 'ठेव' हा शब्द बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याच्या कानाला विशेष लागतो. जणू मुदतठेवच! आज फी भरायची, उद्या नोकरीच्या रूपाने व्याजासह परत घ्यायची.

ही ठेव पिकते का, हे घराघरांतून विचारले पाहिजे. कारण हा मार्ग धरणाऱ्यांत मोठा वर्ग 'कॉलेज जवळ आहे, संध्याकाळी घरी येता येते' म्हणून पाठवलेल्या मुलींचा असतो. दुसऱ्यांदा फी भरून दुसरे काही शिकण्याची संधी त्यांना सहसा मिळत नाही.

पूर्वी याच जागी 'टायपिंग करून ठेव' असे म्हणत. बाजारपेठेतल्या माडीवरच्या त्या खडखडाटी वर्गांना आपण बरेच हसलो. पण तिथे वेगाबरोबर पत्र आणि तक्ताही शिकवत. विषय कुठे, संदर्भ कुठे, समास किती सोडायचा, रकमा एकाखाली एक कशा आणायच्या, हे बोटांना कळत असे. म्हणजे यंत्राच्या निमित्ताने कचेरी शिकवली जात होती.

बँकांतही तसेच घडले. संगणकीकरणाबाबत संघटनांशी १९८३ मध्ये करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि पुढच्या काही वर्षांत शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रे बसू लागली. त्यांच्यासमोर बसलेले कारकून संगणकाला बिचकत होते, खातेवहीला नव्हे. दिवसअखेर ताळा जुळला नाही, तर फरकाला आधी नऊने भागून पाहायचे हे त्यांना ठाऊक होते. ४,८६० च्या जागी ४,६८० लिहिले गेले, तर फरक १८० चा. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की येणाऱ्या फरकाला नऊने नेहमी भाग जातो. नऊने भाग गेला नाही, तर फरकाची निम्मी रक्कम शोधायची. ३५० रुपये नावेऐवजी जमेला पडले, की ७०० चा फरक दिसतो. ही विद्या कुठल्याही मेनूमध्ये सापडत नाही.

आजचा विद्यार्थी एक्सेलमध्ये बेरीज चुटकीसरशी करतो. मात्र रकान्यातल्या चार रकमा आकडे म्हणून नव्हे तर मजकूर म्हणून साठल्या असतील, तर 'सम'चे सूत्र त्या मुकाट वगळते. उत्तर रुबाबात येते आणि चुकीचे असते. एखाद्या संस्थेत दोनशे विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीची यादी करायची आहे असे समजा. खाते क्रमांक शून्याने सुरू होत असेल, तर एक्सेल ते शून्य गिळते. क्रमांक सोळा अंकी असेल, तर पंधरा अंक राखून सोळाव्याच्या जागी शून्य बसवते. रकाना आधीच मजकुराचा करून घेणे, एवढाच त्यावर उपाय. दहा सेकंदांचे काम. ते केले नाही, तर रक्कम परत येते किंवा, त्याहून वाईट, भलत्याच्याच खात्यात बसते आणि एखादी मुलगी खिडकीसमोर महिनाभर हेलपाटे घालत राहते. यात संगणकाचा दोष काय? खाते क्रमांक ही बेरीज-वजाबाकी करण्याची संख्या नसून ते एक नाव आहे, हे शिकवणाऱ्याने सांगितलेलेच नसते.

मराठीची कथा आणखी वेगळी. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले पत्र पाठवायचे, पलीकडे तो फॉन्ट नसला की तिथे इंग्रजी अक्षरांचा चिवडा उघडतो. युनिकोड येऊन इतकी वर्षे झाली, तरी हे थांबलेले नाही. एका अभ्यासक्रमात मराठी टंकलेखनाला जेमतेम दोन तास दिलेले मी पाहिले आहेत, आणि ते सुद्धा 'वेळ उरल्यास'.

दोष मुलांचा नाही. प्रात्यक्षिकाची जर्नले आदल्या वर्षीच्या मुलांकडून उतरवली जातात, परीक्षक येतो, 'मजकूर ठळक करा, तक्ता काढा' असे विचारतो आणि गुण देऊन चहा पिऊन जातो. संगणकाच्या प्राध्यापकांना व्हाउचर ठाऊक नसते, हिशेबाच्या प्राध्यापकांना प्रयोगशाळेत बोलावलेले नसते. एकाच इमारतीत दोघे आठवड्यातून एक तास बरोबर बसले, तरी पुष्कळ होईल. आणि कॉलेजचे कार्यालय तर हाताशीच आहे. फीच्या पावत्या, दाखले, आवक-जावक यांवर देखरेखीखाली महिनाभर काम करू द्या. (कार्यालयातल्या मंडळींना ते किती रुचेल, हा प्रश्न निराळा!)

आता तर पत्राचा मसुदाही यंत्रच करून देते. 'मग शिकायचे कशाला?' असे पालक विचारू लागले आहेत. पण मसुद्यातला आदेश क्रमांक खरा आहे का, तारीख ३ एप्रिल आहे की ४ मार्च, रक्कम अंकी आणि अक्षरी सारखीच आहे का, हे वाचून पाहणारे माणूस लागणारच. खाली सही त्याची असते.

तेव्हा प्रवेशाला जाल, तर प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत पडद्यांकडे आणि वातानुकूलनाकडे फार वेळ पाहू नका. गेल्या वर्षीची प्रात्यक्षिकाची प्रश्नपत्रिका मागा. तिच्यात मुद्दाम चुकवलेले एखादे बिल, न जुळणारा एखादा ताळा शोधायला दिला असेल, तर फी खुशाल भरा.